कुरडया यंदा घालायच्या की नाही?

प्रिय ताई,

मी चिंचवडला राहते. वय ३७, नोकरी करते. घरात नवरा, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांपासून सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. मामा, म्हणजे सासरे, गेल्यावर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावजवळच्या गावातलं घर बंद करून आम्ही त्यांना इकडे आणलं. त्यांची कशाला कुरकुर नसते, पण चैत्र लागला की त्या गप्प गप्प होतात. दुपारभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बघत राहतात. मागच्या वर्षी त्यांना बरं वाटावं म्हणून मी दोन दिवस रजा काढली आणि मोबाइलवर बघून ३ किलो गव्हाच्या कुरडया घातल्या. आत्या एकदा स्वयंपाकघरात आल्या, पातेल्यात डोकावल्या, 'असं नसतंय हे' म्हणाल्या आणि खोलीत जाऊन बसल्या. आमच्या गॅलरीत ऊन ११ वाजेपर्यंतच येतं. चौथ्या दिवशी कुरडयांना वास यायला लागला, मग बुरशी धरली. सगळ्या टाकून दिल्या. त्या रात्री मी खूप रडले. नवरा म्हणतो, बचत गटाच्या कुरडया चांगल्या मिळतात, कशाला हा व्याप? मुलं मोबाइलमधून मान वर करत नाहीत. एसी लावला की उन्हाळा आणि छत्र्या काढल्या की पावसाळा, एवढेच ऋतू आमच्या घरात उरलेत. मला मुलांना याहून थोडं जास्त द्यायचंय. यंदा पुन्हा करून बघू, की हा नाद सोडून देऊ?

– एक वाचक, चिंचवड

*

तुझं पत्र दोनदा वाचलं. धाकट्या बहिणीनं लिहावं तसं मोकळेपणानं लिहिलंस, म्हणून मीही अगंतुगं करते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. नाद सोडू नकोस. पण यंदा सुरुवात कुरडयांपासून करू नकोस, आणि ३ किलोंपासून तर मुळीच नको. एकटीनं तर त्याहून नको.

'असं नसतंय हे' हे वाक्य तुझ्या मनात वर्षभर सलतंय, ते पत्रात दिसतं. सलणारच. दोन दिवस रजा काढून, तापलेल्या ओट्यापाशी उभं राहून सुनेनं एवढं केलं, तर एक बरा शब्द बोलायला हवा होता. तो आत्यांनी बोलला नाही, तिथं त्यांचं चुकलं. हे मी आधी सांगते, कारण पुढचं वाचताना तुला असं वाटायला नको की मी सगळं तुझ्याच पदरात टाकतेय.

आता तेच वाक्य त्यांच्या बाजूनं ऐक. कोरेगावच्या पट्ट्यात कुरडयांचा दिवस कसा असायचा, ते मला वाईच्या आजोळामुळे ठाऊक आहे. पहाटे चार-साडेचारला चूल पेटायची. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असं ठरलेलं असायचं. ज्या घरी कुरडया तिथं आळीतल्या चार-पाच बायका आपापला सोऱ्या घेऊन हजर व्हायच्या. एक विस्तव सांभाळायची, दोघी आळीपाळीनं चीक हाटायच्या, बाकीच्या अंगणात बाजा टाकून त्यावर जुनी धोतरं पसरायच्या. आणि त्या सगळ्यांत एक बाई अशी असायची, जी पळीवरून चिकाची धार सोडून बघायची आणि म्हणायची, 'झालाय, उतरवा आता.' तिनं म्हटल्याशिवाय पातेलं उतरायचं नाही. आमच्याकडे ती माझी आजी होती. तुझ्या पत्रावरून वाटतं, तुमच्या गावच्या आळीत त्या आत्या असाव्यात.

मागच्या वर्षी तुझ्या स्वयंपाकघरात चीक झाला की नाही, हे कोणी ठरवलं? मोबाइलमधल्या बाईनं. आत्या दारात उभ्या होत्या आणि त्यांना कोणी विचारलं नाही. तू मुद्दाम केलं नाहीस, तुला त्यांना आयतं सुख द्यायचं होतं. 'तुम्ही बसा, मी करते' हे आपण सगळ्याच सुना प्रेमानं म्हणतो. पण ज्या बाईचे मामा गेले, घर बंद झालं, अंगण गेलं, आळी गेली, तिच्या हातातलं उरलंसुरलं कामही आपण त्या प्रेमातच काढून घेतो.

यात माझीही एक चूक आहे, ती सांगते. माझ्या सासूबाई कोहळ्याचे सांडगे घालायच्या. कोहळ्याचा कीस, उडदाची भरड, हिरवी मिरची आणि आणखी काहीतरी. ते आणखी काहीतरी काय, ते मी २२ वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्या करत होत्या, आम्ही खात होतो. त्या गेल्या आणि पुढच्या वैशाखात मी कोहळा किसायला घेतला, तेव्हा कळलं की मला प्रमाण माहीत नाही, उडीद किती वेळ भिजवायचे तेही माहीत नाही. मी चार वर्षं वेगवेगळे करून पाहिले. चांगले होतात, पण त्यांचे होत नाहीत. तुझ्याकडे विचारायला माणूस आहे, आत्ता, पलीकडच्या खोलीत.

म्हणून पहिलं काम गव्हल्यांचं. यंदा गव्हले वळा, खिरीत घालायचे ते रव्याचे बारीक दाणे.

गव्हले हे तुझ्यासारख्या घरासाठी फार सोयीचं काम आहे. ऊन लागत नाही, सावलीतच वाळवायचे असतात. गॅस लागत नाही. रजा काढावी लागत नाही. पंख्याखाली सतरंजीवर बसून, गप्पा मारत होतं. एक वाटी बारीक रवा घे, त्यापेक्षा जास्त नको. दुधाचा हात लावून घट्ट भिजव आणि तास-दीड तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेव. मग तुपाचा हात घेऊन चांगला मळून, शक्य असेल तर खलबत्त्यात कुटून मऊ कर. एवढं तू कर. पुढचं आत्यांच्या हातात सोपव. इथून पुढं तुला येत नाही, हे तोंडानं म्हण. खोटं नाहीच ते.

त्या काय करतील, ते जवळून बघ. सुपारीएवढी गोळी डाव्या हाताच्या बोटांत धरतील. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तिचा कणभर भाग घेऊन, ओढल्यासारखं करत वळतील आणि ताटात टाकतील. वळताना दाणा मधे जरा फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता होतो, गव्हासारखा. म्हणून तर गव्हले. बघायला वाटतं, हे काय, सोपं आहे. करायला घेतलं की पहिले दहा-वीस अळ्यांसारखे लांबुळके होतात. हरकत नाही. एका तासात एका माणसाचे जेमतेम मूठभर होतात, हे मुलांना आधी सांगून ठेव, म्हणजे ताट भरत नाही म्हणून ती कंटाळणार नाहीत.

तुझ्या सहा वर्षांच्या मुलाची बोटं या कामाला तुझ्यापेक्षा चांगली आहेत, खरंच सांगते. लहान बोटांत बारीक दाणा छान वळला जातो. आमच्या आजोळी लग्न निघालं की आधी पाच-सहा वर्षांच्या पोरींना ताटाभोवती बसवायचे. रुखवतात मांडायला गव्हले, मालत्या, नखुल्या, फणुल्या असे प्रकार लागायचे. नखुलीवर नखाची खूण असते. फणुली स्वच्छ फणीच्या दात्यांवर फिरवून वळायची, मग तिच्यावर रेघा उमटतात. तुझी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला फणुल्या दे. त्यात जरा कारागिरी आहे आणि दाखवण्यासारखं काहीतरी हातात राहतं. त्या वयाला ते हवं असतं.

दोन-तीन दिवस ताट घरातच सावलीत, वर मलमलीचं फडकं टाकून ठेवायचं. खडखडीत वाळले की बरणीत भरायचे. खीर करताना तुपावर मंद भाजून आधी पाण्यात मऊ शिजू दे, मगच दूध आणि साखर घाल. थेट दुधात टाकले तर कडक राहतात आणि केलेल्या कष्टाचं चीज होत नाही. ही खीर अक्षय्यतृतीयेला कर. आमरसाच्या ताटात ती कोपऱ्यातच बसेल, पण त्या दिवशी ताटातला एक पदार्थ मुलाच्या हातचा असेल आणि तो सगळ्यांना ते चारदा सांगेल.

मुलांच्या मोबाइलबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, मीही तेवढ्याच लिहिते. हिसकावून घेऊ नकोस. शेजारी ताट मांड, आत्यांना आणि स्वतःला बसव आणि मुलांना हाक मारू नकोस. अर्ध्या तासात एक जण तरी येऊन बसतो, असा माझा अनुभव आहे.

मुलीला आणखी एक काम दे. तिच्याकडे एक कोरी वही असू दे आणि आजी जे जे सांगेल ते तिनं आजीच्याच शब्दांत लिहू दे. आत्या 'ओंजळभर' म्हणाल्या तर ओंजळभरच लिहायचं, त्याचं ग्रॅममध्ये भाषांतर करायचं नाही. मग आजीच्या ओंजळीतला रवा वाटीत ओतून बघायचा, किती वाट्या होतो, आणि तो आकडा समासात टिपायचा. ओंजळ कोणाची ते महत्त्वाचं असतं. माझ्या सासूबाईंची ओंजळ माझ्यापेक्षा मोठी होती की लहान, हे मी कधी मोजलं नाही, आणि माझे सांडगे चुकतात त्याचं निम्मं कारण ते असेल.

हे एवढं जमलं, घरात थोडं हसू आलं, की मग कुरडयांकडे वळ. अर्धा किलो गहू. हसू नकोस. अर्धा किलोच.

मागच्या वर्षी काय चुकलं, ते मला तुझ्या पत्रातूनच दिसतंय. एक तर ऊन. कुरडईला दोन-तीन दिवस दिवसभराचं कडक ऊन लागतं. ११ वाजता ऊन सरकणाऱ्या गॅलरीत वरून वाळल्यासारखी दिसते, पण आतल्या वेटोळ्यांत ओल राहते. ती ओल घेऊन तू रात्री त्या एकावर एक रचल्यास ना? बहुतेक जणी रचतात. तिथंच बुरशीला जागा मिळाली. दुसरं, गव्हाचं पाणी. या दिवसांत बंद स्वयंपाकघरात गहू दुसऱ्याच दिवशी फसफसायला लागतो. थोडा आंबूसपणा चिकाला हवाच असतो, पण पाणी सकाळ-संध्याकाळ बदललं नाही तर तो आंबूसपणा वासात जातो. आणि टाकून दिल्यास त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. बुरशी आलेलं वाळवण खुडून, तळून खायचं नसतं. ते बरोबरच केलंस.

नोकरी सांभाळून हे असं बसव. बुधवारी रात्री गहू भिजत घाल. गुरुवार, शुक्रवार दोन्ही वेळा पाणी बदल. शनिवारी संध्याकाळी मिक्सरमधून वाटून, सुती पंचातून पिळून गाळ, एकदा नाही, दोनदा. चोथा बाजूला काढ, चीक रात्रभर मोठ्या पातेल्यात बसू दे. रविवारी पहाटे वर पिवळट निवळ आलेली असेल, ती हलक्या हातानं ओतून टाक. खाली पांढरा घट्ट चीक राहील. तो वाटीनं मोज. जेवढा चीक तेवढं पाणी उकळायला ठेव, त्यात मीठ, आवडत असेल तर हिंग. उकळी फुटली की एकीनं चीक धारेनं सोडायचा आणि दुसऱ्यानं थांबल्याशिवाय हाटायचं. गुठळी झाली की संपलं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक येते, पातेल्याच्या कडा सुटायला लागतात, ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. झाकण ठेवून एक वाफ काढ.

आणि आता थांब. गॅस बंद करू नकोस. आत्यांना हाक मार आणि विचार, 'आत्या, झाला का?'

त्या दोन मिनिटं अजून ठेव म्हणतील तर ठेव. मोबाइलमधली बाई काहीही म्हणो. तुझ्या मते झाला असला तरी ठेव.

त्या चिकाची पहिली वाटी कुरडयांसाठी नसते, हे तुला ठाऊक असेलच. कोणी दूध-साखर घालून खातं, कोणी वर कच्चं तेल घालून. गरम गरम, बशीत, फुंकर मारत. आत्यांना कसा आवडतो ते आधी विचारून ठेव. मामांना कसा आवडायचा, तेही विचार. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. घाईघाईनं विषय बदलू नकोस.

चीक गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या असतात, निवला की दाबता येत नाही. इथं तुझ्या नवऱ्याला बोलव. सोऱ्या दाबायला मनगटात जोर लागतो आणि आत्यांचं वय आता ते करण्याचं नाही. 'कशाला हा व्याप' असं तो म्हणतो, कारण मागच्या वर्षी त्या व्यापात त्याला काही कामच नव्हतं. त्यानं फक्त तुला रडताना पाहिलं. तोही त्याच अंगणात वाढलेला मुलगा आहे. त्याला विचार, लहानपणी कुरडयांच्या राखणीला कोण बसायचं. हातात काठी घेऊन, डोक्यावर टॉवेल टाकून, कावळे हाकता हाकता अर्धवट वाळलेल्या कुरडया कोण खायचं. मला नाही वाटत त्याचं उत्तर 'मला आठवत नाही' असं असेल.

राखणीवरून आठवलं, गच्ची. गॅलरीचा नाद सोड आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना रविवारपासून दोन-तीन दिवसांपुरती गच्ची माग. जुनी सुती साडी धुवून तीवर घाल, प्लॅस्टिकवर घालू नकोस, खालून घाम धरतो. तुमच्याकडे कावळ्यांपेक्षा कबुतरांचा त्रास जास्त असेल. चार कोपऱ्यांना चार खुर्च्या ठेवून वरून पातळ ओढणी ताणून बांध, ऊन आत येतं आणि पाखरू येत नाही. मुलाला काठी दे आणि राखणदार कर. दोन-चार अर्धवट वाळलेल्या कुरडया त्यानं खाल्ल्या तर तो त्याचा पगार समज. संध्याकाळी सगळ्या खाली आण आणि पंख्याखाली एकेक सुटी पसरून ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटून पुन्हा वर. सोमवारी तुम्ही दोघं कामाला जाल, तेव्हा गच्चीवरची ये-जा आत्या आणि मुलं करतील, त्यांना सुट्टीच आहे. लिफ्ट वरपर्यंत जात असेल तर उत्तम, नसेल तर मुलांनी ताटं न्यायची आणि आत्यांनी खालूनच हुकूम सोडायचे. हातात घेऊन मोडली तर कट्कन आवाज यायला हवा, तोवर डब्यात भरायची नाही. वळवाचं आभाळ भरून आलं तर सगळी कामं टाकून आधी गच्ची गाठायची.

जमलं तर त्या दिवशी तुमच्या इमारतीतल्या एखाद्या आजींनाही वर बोलव. चिंचवडच्या प्रत्येक इमारतीत गाव सोडून आलेल्या अशा एक-दोघी तरी असतात. त्यांच्याकडेही सोऱ्या असतो, माळ्यावर कागदात गुंडाळलेला. आत्यांना गच्चीवर एक मैत्रीण मिळाली तर माझ्या दृष्टीनं कुरडया फसल्या तरी चालतील.

वर्षभराला पुरतील एवढ्या कुरडया मात्र बचत गटाकडूनच घे, तुझा नवरा त्यात बरोबर आहे. उडदाचे पापड, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या चकल्या, तेही घे. त्याही कोणातरी बायका भर उन्हात बसूनच करतात आणि त्यावर त्यांचं घर चालतं. घरी केलेल्या पंधरा-वीस कुरडयांचा डबा वेगळा ठेव आणि सणावाराला तोच उघड.

पुढच्या ऋतूंसाठीही तुला काही हवंय, असं पत्रातून जाणवतं. फार लांबलचक बेत आखू नकोस. ऋतूला एकच गोष्ट धर.

पावसाळ्यात दिव्याची आवस धर, आषाढातली अमावास्या. घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं आदल्या दिवशी चिंच लावून मुलांकडून घासून घे. काळी पडलेली समई सोन्यासारखी निघते, ते बघण्यात मुलांना फार मजा येते. संध्याकाळी पाटावर दिवे मांडायचे आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे दिवे करून वाफवायचे. त्यात तुपाची वात लावायची, मुलांना ओवाळायचं आणि मग तेच दिवे तुपाशी खायचे. दिवा खायला मिळतो, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला किती मोठी वाटते बघ.

पाऊस सरताना मात्र एक काम माझ्यासाठी म्हणून कर. आत्यांच्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा तुझ्या घरात शिजतो का? फिकट दाणा, त्यावर लालसर रेघा, वाघाच्या अंगावर असतात तशा. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण आत्यांना ते कागदानं सांगायची गरज नाही, त्यांनी तो पेरलाय, उपटलाय, झोडपलाय. गावाकडच्या कोणा भाऊबंदांना सांगून पाच-सहा किलो वाळलेल्या शेंगाच मागव, सोललेला दाणा नको. शेंगा घरात आल्या की त्यांचा वास येतो, मातीचा आणि वाळल्या पाल्याचा. त्या वासानं आत्या काय काय बोलायला लागतील, ते मुलीच्या वहीत येऊ दे. सूप असेल तर त्यांना पाखडायला दे. तुला येत नसेल तर शिकून घे, मलाही ते पंचविशीत आलं. शेंग सोलताना प्रत्येक दाण्याची रेघ वेगळी निघते, मुलं त्यातले वाघ निवडत बसतील. आणि त्याची आमटी करताना कांदा-खोबरं भाजून, घट्टसर, सोबत ज्वारीची भाकरी. त्या दिवशी पोळी करू नकोस.

दिवाळीचा कंदील नवऱ्याच्या खात्यात टाक. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, घरची खळ. वाकडा झाला तरी दारात तोच लागला पाहिजे, एवढीच अट.

आणि संक्रांतीला हलव्याचे दागिने. हलवा घरी करायला जाऊ नकोस. परातीखाली मंद आच ठेवून, पाकाचा थेंब थेंब सोडत, बोटांनी फिरवत दिवसच्या दिवस बसावं लागतं, तेव्हा कुठं काटा येतो. नोकरीवाल्या बाईला ते झेपत नाही. पांढरा काटेरी हलवा विकत आण आणि दागिने घरी कर. दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवत माळ होते, ते आत्या किंवा तू कर. मुलांना जाड पुठ्ठ्याचा मुकुट कापून दे, त्यावर सोनेरी कागद आणि हलवा चिकटवू दे. काळ्या कापडावर ठेवून बघ, पांढरा हलवा चांदण्यांसारखा उठून दिसतो. नातेवाइकांत किंवा शेजारी कोणा बाळाचं पहिलं बोरन्हाण असेलच, रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. ते दागिने त्या बाळाला घाला. तुझ्या मुलाच्या हातचा मुकुट दुसऱ्याच्या बाळाच्या डोक्यावर आणि खाली बोरं, चुरमुरे वेचायला पोरांची झुंबड, असं झालं की पुढच्या संक्रांतीला हलवा कधी आणायचा म्हणून तोच तुझ्या मागे लागेल.

हे सगळं यंदाच व्हायला हवं असं नाही. यंदा गव्हले आणि अर्धा किलो कुरडया झाल्या तरी मला पुष्कळ आहे.

एक गोष्ट राहिली. मागच्या वर्षीबद्दल तू आत्यांशी अजून बोलली नाहीस, असं दिसतं. गव्हले वळताना बोल. समोरासमोर बसून, डोळ्याला डोळा लावून अशा गोष्टी बोलायला जड जातं, पण दोघींचे डोळे ताटात असले की सोपं जातं. 'मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आत्या' एवढंच म्हण आणि वळत राहा. त्या लगेच काही बोलणार नाहीत कदाचित. तुझा एखादा जाडजूड गव्हला उचलून, पुन्हा बारीक वळून ताटात टाकतील. तेच त्यांचं उत्तर समज आणि तसाच दुसरा वळायला घे.

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून शनिवारी रात्रीच आणून ठेव. पहाटे पाचला कोणाचं दार वाजवायला लागू नये.

तुझी,
ताई